वरसावे की वेसावे : एकट्याने वस्ती निवडण्याविषयी

मुंबई महानगरात दोन ठिकाणे अशी आहेत की मराठीत त्यांची नावे वेगळी आणि इंग्रजी पाटीवर मात्र एकच. अंधेरीच्या समुद्रकाठचे कोळ्यांचे वेसावे इंग्रजी कागदांत ‘वर्सोवा’ झाले, आणि वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता जिथे मिळतो तिथले मिरा-भाईंदरमधील वरसावेही ‘वर्सोवा’च झाले. या दोन वर्सोवांमध्ये रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरचे अंतर आहे. पहिले घाटकोपरकडून येणाऱ्या आणि २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोचे शेवटचे स्थानक आहे, सिनेमा-मालिकांत नशीब अजमावायला आलेल्या एकट्या तरुण-तरुणींची जुनी वस्ती आहे. दुसरे एक नाका, एक पूल, काही पाडे आणि काही हॉटेले एवढेच बहुतेकांना ठाऊक असलेले गाव आहे. परगावाहून नोकरीसाठी येणारा माणूस फोनवर ‘वर्सोवा’त भाड्याची खोली शोधू लागतो तेव्हा स्वस्त निघालेली जागा यांपैकी कोणत्या वर्सोव्याची आहे, हे त्याला नकाशा मोठा करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नकाशा मोठा केल्यावरही जे कळते ते फक्त जागेचे स्थान असते. तिथे राहणे कसे असेल, हे त्यात कुठेच नसते.

नावांनी होणारी फसगत एवढ्यावर थांबत नाही. पश्चिम रेल्वेवर वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड अशी स्थानके आहेत आणि त्यांतल्या ‘रोड’ या शब्दाचा अर्थ नवख्याला कोणी सांगत नाही. रेल्वेच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मूळ गाव रुळांपासून दूर असले आणि स्थानक त्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर बांधले गेले, की त्या स्थानकाला गावाच्या नावापुढे ‘रोड’ जोडून ओळखले जाई. मिरा रोड त्याच जातीचे. मिरे हे मूळ गाव पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, काशी गावाच्या शेजारी आहे आणि या दोन गावांच्या नावांवरून महामार्गावरच्या भागाला काशीमिरा हे जोडनाव पडले आहे. म्हणजे ‘मिरा रोडला जागा आहे’ या वाक्याचा अर्थ स्थानकापासून पाच मिनिटे असाही होतो आणि महामार्गापलीकडे रिक्षाने अर्धा तास असाही होतो, आणि सांगणारा दोन्ही वेळा खरेच बोलत असतो.

वरसावे हे मिरा-भाईंदरचे ईशान्येचे टोक आहे. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून ठाणे, गुजरात आणि मुंबई या तिन्ही दिशांची वाहतूक जाते. ही जागा वाहतुकीची आहे हे आजचे नाही. शेजारच्या घोडबंदरचे नावच घोड्यांचे बंदर असे सांगते. अरबस्तानातून येणारे घोडे इथे उतरत, पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला आणि १७३७ साली, वसईच्या मोहिमेच्या आरंभी, तो मराठ्यांच्या हाती आला. त्यानंतरच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांत घोड्यांच्या जागी कंटेनर आले, एवढाच काय तो फरक. खाडीवरचा जुना पूल कमकुवत झाल्याने गेल्या दशकात अनेकदा दुरुस्तीसाठी अंशतः किंवा अवजड वाहनांना पूर्णतः बंद ठेवावा लागला आणि त्या काळात ‘वर्सोवा पूल’ हे शब्द वृत्तपत्रांत कोंडीचे दुसरे नाव होऊन बसले. २०२३ साली शेजारचा नवा पूल खुला झाल्यावर पुलावरचा ताण हलका झाला, पण नाक्यावरचा नाही, कारण घोडबंदर रस्त्याची गायमुखची चढण अजून तशीच अरुंद आहे. गायमुखपासून वरसाव्याच्या फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत बोगदा आणि तिथून भाईंदरपर्यंत खाडीवरून उन्नत रस्ता अशी जी मोठी योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आखली, तिच्या निविदा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २०२५च्या मेअखेरीस रद्द कराव्या लागल्या. एकट्याने राहायला येणाऱ्याशी निविदांचा काय संबंध, असे वाटू शकेल. पण पाच वर्षांनी तो रोज किती वाजता घरी पोहोचेल, हे त्या कागदांवरही अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. अनोळखी शहरात एकट्याने आल्यावर राहण्यासाठी वस्ती निवडणे ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की ती किती नवी आहे याचा विसर पडतो. एकटे येणारे मुंबईला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे शहर मुख्यतः एकट्या पुरुषांनीच भरलेले होते. १९११ आणि १९२१ या दोन्ही जनगणनांत मुंबईतल्या दहा माणसांपैकी किमान आठ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण सहाशेच्याही खाली होते. परंतु या लाखो एकट्यांपैकी फारच थोड्यांनी आपली वस्ती स्वतः निवडली. ती त्यांच्यासाठी त्यांच्या गावाने निवडलेली असे.

रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचा मुलगा बोटीने किंवा गाडीने मुंबईत उतरला की तो गिरगाव, लालबाग, परळ अशा ठिकाणी गावकऱ्यांच्या खोलीवर जाई. ही खोली म्हणजे गावाच्या मंडळींनी चाळीत सामाईक भाड्याने घेतलेली एक जागा; दहा-पंधरा, कधी त्याहून अधिक माणसे तिच्यात राहत, आणि गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे रात्रपाळीचा माणूस दिवसा ज्या चटईवर झोपे तिच्यावरच दिवसपाळीचा रात्री झोपे. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची होती, यावरून या झोपण्याच्या वेळापत्रकाची कल्पना यावी. खोली गिरणीजवळ असण्याला केवळ सोय हे कारण नव्हते. बदली कामगार, म्हणजे गैरहजर कायम कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा माणूस, सकाळी गिरणीच्या दारात हजर असेल तरच त्याला काम मिळे, आणि ते देणारा जॉबर, म्हणजे कामगारांची भरती करणारा मुकादम, बहुधा त्याच मोहल्ल्यात राहत असे. काम, उधारी आणि खोली या तिन्ही गोष्टी एकाच ओळखीतून मिळत. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या गिरणी कामगाराचे कारखान्यातले आयुष्य त्याच्या वस्तीपासून वेगळे काढता येत नाही असे जे दाखवून दिले, ते याच अर्थाने.

गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींची व्यवस्था याहून रेखीव होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाने चालणारे क्लब होते, कोंकणीत त्यांना कूड म्हणतात, आणि धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत ते आजही पाहायला मिळतात. बोटीवर नोकरी करणारा तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढी. प्रत्येक सभासदाची एक ट्रंक भिंतीला लावून ठेवलेली असे, तिच्यावर किंवा तिच्याशेजारी तो अंथरूण टाकी, भिंतीवर एका बाजूला वेदी असे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहणे हा नियम असे. पत्ता विचारत आलेल्या नव्या मुलाला तो कोणत्या गावचा आणि कोणाचा, एवढेच सांगावे लागे. ट्रंक ठेवण्यापुरती जागा हीच त्याची शहरातली मालमत्ता, आणि ती त्याला गावाच्या नावावर मिळे.

या व्यवस्थेतला जेवणाचा भाग खानावळवाल्या बायकांनी सांभाळला. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. गिरणगावातली एखादी बाई आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांना महिन्याच्या हिशेबाने दोन वेळचे जेवण घाली, पैसे पगार झाल्यावर मिळत आणि तोवरचा किराणा ती सावकाराच्या उधारीवर आणी. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे हे एक मोठे श्रमाचे क्षेत्र आहे याची अधिकृत नोंद झाली. खानावळवालीचे आणखी एक काम कुठल्याच हिशेबात येत नसे. दोन दिवस जेवायला न आलेल्या माणसाची चौकशी ती करी. तापाने पडलेला माणूस तिसऱ्या दिवशी कोणाला तरी सापडे, तो यामुळे.

हे चित्र रंगवून सांगण्यात धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. गावकऱ्यांच्या खोलीत गावाची जातही आलेली असे. दलितांच्या खोल्या आणि चाळी वेगळ्या असत, एकट्या स्त्रीला यांपैकी कुठेच जागा नव्हती, आणि गावातून सुटावे म्हणूनच जो शहरात आला त्याला गावाने शहरातही सोडले नाही. गावच्या खोलीवर राहणाऱ्याचे वागणे पंधरा दिवसांत गावी कळे. आजची एकटी मुलगी अनोळखी वस्ती पसंत करते त्यामागे हेही एक कारण असते, आणि ते कारण कमी लेखण्याजोगे नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याचा शेवट झाला तो गिरण्यांच्याच शेवटात. पण त्याआधीच घरांच्या बाजाराने दिशा बदलली होती. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे मालकाने जागा देताना हातोहात घेतलेली मोठी रक्कम, म्हणजे पागडी, हाच खरा मोबदला झाला आणि नवी भाड्याची घरे बांधणे जवळपास थांबले. यातून वाट काढण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ ही पद्धत आली, जिच्यात राहणाऱ्याला भाडेकरूचा हक्क न देता केवळ वापराचा परवाना दिला जातो. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अकरा महिन्यांच्या पुढे कोणालाही टिकू द्यायचे नाही ही मालकांची आजवरची सवय बऱ्याच अंशी तेव्हा बसलेल्या धास्तीची आहे. तेव्हाचे मालक गेले, सवय राहिली.

मिरा-भाईंदर वाढले ते याच सुमारास. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ साली पाच लाख वीस हजारांवर आणि २०११च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर गेली. खाजण आणि मिठागरांच्या सखल जमिनीवर शांतीनगरसारखी एकाच साच्यातल्या चारमजली इमारतींची सेक्टरे उभी राहिली आणि गिरगाव-परळची खोली विकून किंवा मुंबईचे भाडे न झेपल्याने आलेली कुटुंबे तिथे राहू लागली. कुटुंबे, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हे शहर एकट्यांसाठी कोणी बांधले नाही. त्यात एकट्याला जी जागा मिळते ती कुटुंबासाठी बांधलेल्या घरातली उरलेली जागा असते : एक खोली, एक कॉट, किंवा तिघांनी मिळून घेतलेला वन बीएचके, म्हणजे एक हॉल, एक शयनगृह आणि स्वयंपाकघर असलेला फ्लॅट.

तरीही अशा माणसांची ये-जा इथे वाढते आहे, आणि त्याची कारणे उघड आहेत. अंधेरी-गोरेगावच्या कार्यालयांतल्या पगारात अंधेरी-गोरेगावचे भाडे बसत नाही. काशीमिरा, घोडबंदर आणि खाडीपलीकडचे नायगाव या पट्ट्यात मालिकांचे स्टुडिओ आहेत आणि चित्रीकरणाची पाळी बारा तासांची असते, त्यामुळे प्रकाशयोजनेपासून वेशभूषेपर्यंतच्या कामगारांना सेटजवळ जागा हवी असते. हॉटेले, लग्नाची सभागृहे आणि गोदामे महामार्गालगत माणसे ठेवतात. या सगळ्यांना वरसावे नकाशावर मध्यवर्ती दिसते. ठाणे एका बाजूला, बोरिवली दुसऱ्या, वसई तिसऱ्या. तीन शहरांच्या मधोमध असलेली आणि तिन्हींपेक्षा स्वस्त जागा, असा हिशेब कागदावर सहज जुळतो.

तो जुळत नाही तो शेवटच्या टप्प्याला. शेवटचा टप्पा म्हणजे मोठ्या वाहनातून उतरल्यापासून घराच्या दारापर्यंतचा प्रवास, आणि एकट्या माणसासाठी वस्तीची पारख करण्याची याहून विश्वासार्ह कसोटी दुसरी नाही. वरसाव्याहून मिरा रोड स्थानक सात-आठ किलोमीटरवर आहे आणि ठाणे स्थानक वीसेक किलोमीटरवर. दिवसा मिरा-भाईंदर महापालिकेच्या, ठाणे परिवहनच्या आणि एसटीच्या बस फाउंटनच्या नाक्यावरून जातात, शेअर रिक्षा मिळते. रात्रीचे गणित वेगळे असते. ठाण्यातल्या वाहतुकीच्या नियमांमुळे अवजड वाहनांना दिवसाच्या गर्दीच्या वेळी बंदी आणि रात्री मुभा असते, त्यामुळे ज्या वेळी माणसांची वाहतूक विरळ होते नेमक्या त्याच वेळी न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरच्या रांगा घोडबंदर रस्त्यावर येतात. गायमुखच्या चढणीवर एखादा ट्रक बंद पडला, किंवा घाटाच्या डांबरीकरणाचे काम निघाले, की रांग मागे मागे सरकत नाक्याला येऊन भिडते. अशा रात्री बसमधून फाउंटनला उतरणाऱ्या माणसाला समोर जे दिसते त्यात उजेड भरपूर असतो : हॉटेलांच्या पाट्या, पेट्रोल पंपांचे दिवे, ट्रकांचे झोत. खासगी बसची वाट पाहणारे प्रवासी बॅगांवर बसलेले असतात, चहावाला उभा असतो, कंडक्टर सुरत-वापीचा पुकारा करत असतो. माणसेही भरपूर असतात. त्यांतला जवळपास प्रत्येक जण तासाभरात तिथून निघून जाणार असतो.

उजेड, गर्दी आणि सुरक्षितता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घेण्यासाठी अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांचा १९६१चा एक विचार उपयोगी पडतो. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे, तर त्या रस्त्यावर ज्यांचे दुकान, खिडकी, ओटा आहे अशा लोकांच्या सततच्या नजरेमुळे, असे त्यांनी न्यूयॉर्कच्या अनुभवावरून मांडले. मुंबईतल्या स्त्रियांच्या संदर्भात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात याला एक महत्त्वाची जोड दिली : बाई घराबाहेर दिसली की तिने काहीतरी कामाला निघाल्याचे दाखवावे लागते, निरुद्देश थांबण्याची मुभा तिला नसते, आणि जिथे दुकाने, घरे, कचेऱ्या एकमेकांत मिसळलेली असतात अशा वस्तीत तिला वावरणे त्यातल्या त्यात सोपे जाते. ही फूटपट्टी लावली तर शांतीनगरचा रात्री साडेदहाचा रस्ता, जिथे भाजीवाला गाडी आवरतो आहे, औषधांचे दुकान उघडे आहे, वडापावच्या गाडीशी चार पोरे उभी आहेत आणि पहिल्या मजल्यावर कोणीतरी कपडे वाळत घालते आहे, तो महामार्गालगतच्या चोवीस मजली संकुलाच्या झगझगीत कमानीपेक्षा बराच सरस ठरतो. संकुलाच्या फाटकाच्या आत सगळे काही असते. फाटक आणि बस थांबा यांच्यामधले दोनशे मीटर मात्र कोणाचेच नसतात.

पाण्याचा प्रश्न नवखा माणूस सहसा विचारतच नाही, कारण गावाकडे तो विहिरीचा प्रश्न असतो आणि शहरात नळाचा असणार असे त्याने गृहीत धरलेले असते. मिरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही; पाणी शहाड-टेमघर प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून येते. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पाची रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली तिच्यात २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरचे आणि १८५ वसई-विरारचे, अशी वाटणी आहे. ही आकडेवारी भाडेकरूला पाठ असण्याची गरज नाही. त्याने इमारतीच्या रखवालदाराला पाणी किती वाजता येते आणि टँकर महिन्यातून किती वेळा मागवावा लागतो, हे दोन प्रश्न विचारावेत. रखवालदार याबाबतीत दलालापेक्षा अधिक खरे बोलतो, कारण पाणी सोडायला उठावे त्यालाच लागते.

डोंगराच्या बाजूचा प्रश्न आणखी वेगळा आहे. राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या गावांना २०१६च्या डिसेंबरमध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे जिथे बांधकामावर आणि व्यवसायांवर विशेष निर्बंध असतात असा पट्टा, म्हणून जाहीर करण्यात आले. त्यामुळे एकीकडे चेणे-वरसाव्याच्या पाड्यांवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना आणि गावकऱ्यांना स्वतःच्या घराची डागडुजी करतानाही अडचणी येतात, आणि दुसरीकडे कागद नसलेल्या चाळींतल्या खोल्या सर्वांत कमी भाड्यात एकट्या कामगाराच्या वाट्याला येतात. जंगलालगत राहण्याचे नियमही आहेत : अंधार पडल्यावर मोकळ्यावर एकट्याने बसू नये, कचरा साठू देऊ नये, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पाड्यावरच्या लहान मुलाला हे सांगावे लागत नाही. भाडेकरूला मात्र ते कोणीतरी सांगावे लागते, आणि ते करारनाम्यात लिहिलेले नसते.

वस्ती निवडताना भौगोलिक गोष्टींइतकीच निर्णायक ठरते ती वस्तीने माणसाला निवडण्याची पद्धत. मिरा-भाईंदर हे अनेक समूहांचे शहर आहे. उत्तनचे ख्रिस्ती कोळी, १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून बाहेर पडलेली आणि नयानगरमध्ये स्थिरावलेली मुस्लिम कुटुंबे, भाईंदरचे जैन आणि गुजराती व्यापारी, राई-मुर्ध्याचे आगरी, आणि या सगळ्यांमध्ये पसरलेले मराठी आणि हिंदी भाषक. या मांडणीचे ताण अधूनमधून वर येतात : २०१५ साली जैनांच्या पर्युषणाच्या काळात महापालिकेने आठ दिवस मांसविक्रीवर घातलेली बंदी राज्यभर गाजली, आणि ८ जुलै २०२५ रोजी मराठीच्या प्रश्नावर मिरा रोडला मोर्चा निघाला. भाड्याची जागा शोधणाऱ्या एकट्या माणसाला हे ताण वर्तमानपत्रात वाचावे लागत नाहीत. आडनाव सांगितल्यावर फोनवर पडणाऱ्या शांततेत ते त्याला कळतात. ‘सोसायटी फॅमिलीलाच देते’ हे वाक्य त्या शांततेनंतर येते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने आपला फ्लॅट परवान्यावर देताना संस्थेला आगाऊ कळवणे आणि कराराची प्रत देणे अपेक्षित आहे, आणि संस्था त्याबद्दल आकारू शकते ते बिनभोगवटा शुल्क २००१च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. एकट्याला जागा देऊ नये असा कायदा नाही. परंतु कायदा नाही म्हणून जिन्यात भेटणाऱ्या सेक्रेटरीशी रोज वाद घालत राहणे हे एकट्या माणसाला परवडत नाही, आणि पन्नास ठिकाणी नाकारल्यावर एकावन्नाव्या ठिकाणी जो हो म्हणतो त्याची वस्ती हीच मग आपली आवड असल्याचे तो स्वतःला समजावतो.

करारनाम्याविषयी जो गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे तो असा की अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी करावी लागत नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापुढच्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही समजूत निघाली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडेनियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवले आहे, त्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाईल अशी तरतूद केली आहे. ही तरतूद एकट्याच्या बाजूची आहे आणि तीच त्याला ठाऊक नसते. अनामत रकमेचा आकडा करारात लिहिलेला हवा, कारण तोंडी दिलेली अनामत परत मागताना साक्ष कोणाची काढणार, हा प्रश्न उरतो.

नोंदणी आता बहुधा घरबसल्या होते. दलालाने पाठवलेला एक तरुण लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचा ठसा घेण्याचे यंत्र पिशवीतून काढून रिकाम्या फ्लॅटच्या ओट्यावर मांडतो. जागेत अजून पंखा नसतो, म्हणून दार उघडे ठेवलेले असते. आधी मालक, मग भाडेकरू पडद्याकडे पाहून बसतात, ठसा उमटत नाही म्हणून अंगठा शर्टाला पुसून पुन्हा ठेवला जातो. करार पुरा व्हायला दोन साक्षीदार लागतात. मालकाचे भाईंदरमध्ये ओळखीचे लोक असतात, पण त्यांना एवढ्यासाठी कोण बोलावणार. भाडेकरूला या शहरात येऊन चार दिवस झालेले असतात आणि त्याला नावानिशी ओळखणारे इथे कोणीच नसते. लॅपटॉपवाल्या तरुणाला याची सवय आहे. तो आपल्या कार्यालयातल्या दोघांची आधार कार्डे आधीच भरून आणतो, त्यांतला एक खाली मोटारसायकलवर बसलेला असतो, हाक मारली की वर येतो, खुर्ची नसल्यामुळे उभ्यानेच पडद्यासमोर चेहरा धरतो, आणि ज्याचे गाव त्याला ठाऊक नाही अशा माणसाची साक्ष देऊन पुढच्या इमारतीकडे निघून जातो.